ताण म्हणू की तल्लफ? माझ्या पीएच.डी.च्या प्रश्नावलीची गोष्ट

पीएच.डी.त सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असं कुणी विचारलं, की विचारणाऱ्यानं ‘आकडेमोड’ हे उत्तर मनात धरलेलं असतं. माझा गेला ‘अस्वस्थ’ या एका शब्दात.

विषय होता तंबाखू खाणाऱ्यांचा ताण आणि त्यांच्या भावना. इंदूरमधली मराठी माणसं घ्यायची ठरवली, कारण मी रामबागेत वाढले. लोकमान्यनगर, सुदामानगर इथली दारं ओळखीनं उघडतात. गाइड मॅडम म्हणाल्या, “हिंदीत कर ना, मराठीचा खटाटोप कशाला?” इथं सगळ्यांना हिंदी येतं, हे खरंच आहे. पण आमच्याकडची साठीपुढची माणसं भाजीवाल्याशी हिंदीत भांडतात आणि जीव घाबरा झाला की मराठीत येतात. मला तो दुसरा भाग हवा होता.

ताण मोजायला शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची 1983 मधली मापनपट्टी घेतली, तिची दहा प्रश्नांची आवृत्ती. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण, एकूण 40. भावनांसाठी 1988 ची ‘पॅनास’: वीस शब्द, दहा बरे, दहा वाईट. त्या वाईट दहांनी माझा उन्हाळा खाल्ला. ‘अफ्रेड’ आणि ‘स्केअर्ड’ हे त्यांच्या यादीत दोन वेगळे शब्द. आपल्याकडे दोन्ही ‘घाबरलेला’. ‘अपसेट’, ‘नर्व्हस’, ‘डिस्ट्रेस्ड’ या तिघांसमोर मी तीनदा ‘अस्वस्थ’ लिहून बसले होते. नियमाप्रमाणे मराठी मजकूर परत इंग्रजीत करून घ्यायचा असतो, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो करून दिला, आणि माझा ‘अस्वस्थ’ तिकडून ‘अनवेल’ होऊन आला. बाबा म्हणाले, मग पुढचा प्रश्न ‘औषध वेळेवर घेता का’ असा टाक.

दरम्यान नीतिमत्ता समिती. माझा मूळ बेत मोठा होता. येल विद्यापीठात रजिता सिन्हा यांनी एक पद्धत वापरली आहे: माणसाकडून त्याच्याच आयुष्यातला ताणाचा प्रसंग तपशिलानं काढून घ्यायचा, त्याची छोटी ध्वनिफीत करायची, तीच त्याला ऐकवायची आणि तल्लफ किती वाढते ते पाहायचं. समितीतल्या एका डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, “तल्लफ तुम्ही आणणार. मग तो माणूस घरी जाताना टपरीवर थांबला तर?” माझ्याकडे ना प्रयोगशाळा होती ना समुपदेशक. बेत सोडला. तेव्हा चिडले होते, आज वाटतं बरंच झालं. त्याऐवजी डायरी ठेवायची ठरली, आणि संमतिपत्राखाली तंबाखू सोडण्याच्या हेल्पलाइनचा 1800-11-2356 आणि मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेलिमानसचा, 14416 हे नंबर ठळक छापून घेतले.

मग चाचणी फेरी. पहिल्याच आठवड्यात गल्लीतले एक काका भेटले. मिलमध्ये होते, मिल बंद पडली, मग चौदा वर्षं दुकानात हिशेब लिहिला. खिशात दोन पुड्या. मध्य प्रदेशात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली तेव्हापासून मसाला वेगळा, जर्दा वेगळा; मिसळायचं काम तेवढं गिऱ्हाइकावर आलं.

“काका, गेल्या महिन्यात ताण किती वेळा आला?”

“रोजच येतो.”

“कशाचा?”

“तसं कशाचा नाही. जेवण झालं की येतो.”

मी पेन खाली ठेवलं. जेवल्यावर ताण?

“अगं, ताण म्हणजे... चुकल्या-चुकल्यासारखं होतं. तुझ्या कागदावर ताणच लिहिलंय ना, म्हणून ताण म्हटलं.”

माझ्या वीस शब्दांत ‘चुकल्यासारखं’ कुठंच नव्हतं. कसं असेल? ती यादी इंग्रजीत विचार करणाऱ्यांनी केलेली. पण काकांच्या त्या एका शब्दात जे होतं, ते मी दोन वर्षं जाड इंग्रजी लेखांतून वाचत होते. निकोटीन रक्तात अर्धं व्हायला साधारण दोन तास लागतात. उतरलं की चिडचिड, बेचैनी, कशात मन न लागणं सुरू होतं. पुन्हा बार भरला की हे सगळं शमतं, आणि माणूस म्हणतो, बघा, तंबाखूनं ताण गेला. मानसशास्त्रज्ञ अँडी पॅरट यांनी 1999 मध्ये सिगारेटबद्दल हाच प्रश्न उलटा घातला: ताण घालवणारी वस्तूच ताण आणत असेल तर? व्यसनाचा मेंदूच्या अंगानं अभ्यास करणाऱ्या जॉर्ज कूब यांची मांडणीही याच वाटेनं जाते. व्यसन मुरलं की माणूस मजेसाठी कमी आणि वाईट वाटणं थांबवण्यासाठी जास्त घेतो.

माझी प्रश्नावली मात्र दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरत होती. मुलाची नोकरी गेल्याचा ताण आणि जेवणानंतरचं चुकल्यासारखं, दोन्हींना ‘ताण’, दोन्हींना सारखे गुण. म्हणजे आकडे आले असते, सुबक तक्ते झाले असते, आणि सगळं चूक.

मॅडमशी भांडून डायरीत एक कॉलम वाढवला. मापनपट्ट्यांना हात लावायचा नाही, ही त्यांची अट. ती योग्यच होती, प्रमाणित पट्टीत मनाचे शब्द घुसवायचे नसतात. दिवसातून चार वेळा फोन वाजणार, आणि तंबाखू घेतली असेल तर घेण्याआधी कसं वाटत होतं, नंतर कसं, हे आकड्यात लिहायचं. ‘आधी’च्या खाली दोन रकाने: ताण, आणि चुकल्यासारखं.

त्या डायऱ्यांनी मला रडवलं. कुणी चारही नोंदी रात्री एकदम केल्या, एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात. मिश्री लावणाऱ्या एका आजींनी माझी वही देवघरात ठेवली आणि नोंदी मला तोंडी सांगितल्या, कारण लिहिलं की सुनेला कळेल. गणपतीचे दहा दिवस कुणी फोनच उचलला नाही. पण ज्यांनी मनावर घेतलं, त्यांचा सकाळचा रकाना पाहावा. उठल्या-उठल्या, अजून काहीच घडलेलं नाही, पेपरही आलेला नाही, आणि ‘चुकल्यासारखं’ भरून वाहतंय, ‘ताण’ कोरा. रात्रभर निकोटीन नाही, एवढंच कारण.

एक गोष्ट प्रबंधात नाही, इथं सांगते. मुलाखती उतरवून काढताना मी गोड सुपारी खात होते. आधी पोहे-जिलबीनंतर एक पुडी, मग दर मुलाखतीला एक. सुपारी एकटी, तंबाखूशिवायसुद्धा, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा तो निष्कर्ष 2004 चा, आणि तो मीच पहिल्या प्रकरणात टाकला होता. सुपारी चघळत टाकला होता. शेवटी स्वतःसाठी एक वही केली. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला लिहिलं, ‘ताण: प्रकरण चौथं.’ मग ते खोडलं आणि दुसऱ्या रकान्यात खूण केली. सुपारी सुटली, पण सलग नाही. पितृपक्षात एकदा आणि दिवाळीत दोनदा घसरले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमका आक्षेप घेतला. लोकांनी ‘चुकल्यासारखं’ निवडलं ते तुम्ही रकाना दिलात म्हणून, कशावरून? मी मान्य केलं. रकाना नव्हता तेव्हा ते ‘ताण’ निवडत होते, हेही सांगितलं. सोडल्यावर ताण वाढेल या भीतीचा विषय निघाला, तेव्हा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला 2014 चा आढावा उपयोगी पडला: 26 अभ्यास एकत्र पाहिले, तर सिगारेट सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. ते सिगारेटचं, माझं चघळण्याचं, हेही लगेच जोडलं. चाळीस मिनिटांत सुटका.

काकांच्या वहीतलं एक पान मात्र डोक्यातून जात नाही. त्यांच्या भावाला दवाखान्यात नेलं तो दिवस. चारही वेळा खूण ‘ताण’खाली, दुसरा रकाना रिकामा. तंबाखू नेहमीपेक्षा जास्त खाल्लेली. आणि ‘आधी’चा आकडा जो, तोच ‘नंतर’चा, चारही वेळा.

त्यांनी तंबाखू सोडलेली नाही. पहिला बार चहाआधी भरायचे, तो आता पोह्यांनंतर भरतात, एवढंच. निकाल लागल्यावर पेढे द्यायला गेले तर म्हणाले, “झालं ना तुझं? मग माझी वही परत दे. अर्धी कोरी आहे, दुधाचा हिशेब लिहीन.”

त्या वह्या मला काही वर्षं कुलपात ठेवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी राजवाड्याजवळून तशीच लाल पाठीची एक वही आणून दिली.