आत्याआजीचा निर्गम उतारा

मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र काढायचे होते आणि आम्ही इतर मागासवर्गात मोडत असल्यामुळे 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला, जातीची नोंद असलेला कागद हवा होता. आजोबा खेड्यातल्या ज्या शाळेत शिकले, तिथले त्या वर्षांचे जनरल रजिस्टर वाळवीने खाल्ले होते. गुरुजींनी उरलेला पुठ्ठा टेबलावर झटकून मला तो भुगाच दाखवला. महसुली नोंदींत आडनाव होते, पण जात नव्हती. शेवटी नव्वदीतले चुलत आजोबा बोलता बोलता म्हणाले, "अरे, आपली गोदू नगरला मडमांच्या शाळेत होती की." गोदू म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. ती मामाकडे राहून शिकली, ही गोष्ट आमच्या घरात कोणी कधी काढलीच नव्हती.

नगर आता कागदोपत्री अहिल्यानगर झाले असले, तरी मडमांची, म्हणजे अमेरिकन मिशनची, शाळा म्हटल्यावर जुन्या रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. कार्यालयात अर्ज दिला, शुल्काची पावती घेतली आणि लिपिकबाईंनी विचारले, "प्रवेशाचे साल कोणते?" ते मला ठाऊक नव्हते. 1935 पासूनची रजिस्टरे त्यांनी एकेक करून काढली. कापडी पाठीची, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी ती रजिस्टरे पाहून मी सहज म्हटले की सरकारी शाळेपेक्षा तुमचे दप्तर बरे जपले आहे, तर त्या म्हणाल्या, "अनुदानाचे पैसे याच्यावर मिळायचे ना." त्यांचे म्हणणे नेमके होते. 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली, मुंबई इलाख्यात ते पुढे तपासणीवर आणि परीक्षेतल्या निकालावर ठरू लागले, आणि मग पटावरची प्रत्येक मुलगी जात, जन्मतारीख, प्रवेश, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण अशा रकान्यांतून लिहून ठेवणे मिशनलाही भाग पडले. ऐंशी वर्षांनंतर माझे काम होणार होते ते या हिशेबीपणामुळे.

पहिल्या दिवशी नोंद सापडली नाही. पुढची तारीख आठवड्याने मिळाली आणि त्या मधल्या काळात मी या शाळांविषयी मिळेल ते वाचत गेलो. मुंबईत 1813 साली आलेल्या अमेरिकन मिशनने 1824 मध्ये तिथे मुलींची शाळा काढली आणि 1831 च्या अखेरीस नगरला ठाणे केले. सुरुवातीची अडचण अशी की मुली मिळाल्या तरी शिकवायला शिकलेली बाई मिळत नसे, म्हणून पुरुष पंतोजी नेमावे लागत. आणि मुलीने अक्षर गिरवले तर नवरा मरतो, अशा समजुतीच्या काळात परक्या पुरुषापुढे मुलगी बसवणे किती घरांना मानवले असेल, हे सांगायला नको. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका 1827 च्या अखेरीस मुंबईला आल्या, 1839 मध्ये नगरला गेल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. (बाईंचे आडनाव मराठीत टाकून इंटरनेटवर शोध घेतला, तर आधी पोलिसांना हव्या असलेल्या आरोपींच्या बातम्या येतात.) त्यांची नगरची शाळा पाहूनच मुलींची शाळा काढण्याची कल्पना आपल्या मनात आली, असे जोतीराव फुले यांचे निवेदन 1853 साली 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकात छापून आले. फुल्यांची पुण्यातली शाळा 1848 ची. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतल्याचे चरित्रांत येते, आणि मला तोच दुवा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पंतोजींची अडचण सुटली ती आपल्याच माणसांतली बाई फळ्यापुढे उभी राहिल्यावर.

या शाळा धर्मासाठी की शिक्षणासाठी, हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. मिशनला धर्मप्रसार हवा होता हे उघड आहे आणि ते त्यांनी कधी लपवलेही नाही. आमच्या गोदूआजीला मात्र येशूची भजने शेवटपर्यंत पाठ होती आणि एकादशी तिने कधी मोडली नाही, असे चुलत आजोबा सांगतात.

दुसऱ्या खेपेला चूक कळली. आम्ही आडनावाने शोधत होतो आणि रजिस्टरात मुलींची नुसती नावे व बापाची नावे होती. शिवाय घरचे नाव गोदू असले, तरी शाळेत ती गोदावरी होती. जून 1938 च्या पानावर लिपिकबाईंचे बोट थांबले. जात स्पष्ट, बाळबोधीत, जन्म मार्च 1929, वर्तणूक चांगली. शेऱ्याचा रकाना तेवढा मोडीत होता. जात पडताळणी समितीला मोडीचे प्रमाणित लिप्यंतर लागते, म्हणून मोडी वाचक गाठला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून ती ओळ वाचली: "शिवणात हुशार. लग्न ठरल्याने नाव कमी केले." तारीख मे 1941 ची. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरवणारा शारदा कायदा लागू होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती आणि गोदावरीला बारावे नुकतेच सरले होते. कोणा बाईंनी ते कारण आडपडदा न ठेवता लिहून खाली सही केली आहे.

उतारा, लिप्यंतर आणि शिक्क्याच्या प्रती घेऊन मी पडताळणी समितीच्या कार्यालयात गेलो, तर तिथल्या कारकुनाने वंशावळीच्या शपथपत्रावर पेन ठेवले. "ह्या गोदावरीबाई यात कुठे आहेत?" त्या नव्हत्याच. पणजोबांपासून खाली आमच्या वंशावळीत सगळे पुरुषच होते. लेकींची नावे लिहायची असतात, हे ती करून देणाऱ्यालाही सुचले नव्हते आणि मलाही. दुसऱ्या दिवशी नवा मुद्रांक घेतला, पणजोबांच्या नावाखाली आजोबांच्या शेजारी एक रेघ ओढून गोदावरी लिहिले, आणि नोटरीकडे पुन्हा रांगेत उभा राहिलो.