उंची किती ते राहू दे, वर्षात किती वाढली ते सांगा

आपल्याकडे मूल भराभर उंच झालं की सगळे खूश, आणि प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभं राहायला लागलं की घरात काळजी सुरू. आज्जी म्हणते खात नाही, बाबा म्हणतात बारला लटकायला लाव, कुणीतरी पावडरचा डबा आणून देतं. आमच्या घरात दोन मुलांची तपासणी झाली आणि उंच पोरीला इंजेक्शनं लागली, बुटक्या पोराला काहीच लागलं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी मुलगी तेव्हा साडेसात वर्षांची, दुसरीत. फ्रॉक सारखे आखूड व्हायला लागले, येणारा जाणारा म्हणायचा बाबांवर गेलीय हो. मग एकदा आंघोळीच्या वेळी म्हणाली आई इथे दुखतंय, बघितलं तर छातीला एका बाजूला बोराच्या बी एवढी गाठ. घाबरायला झालं, पण मुलींचं वयात येणं असंच सुरू होतं, बऱ्याचदा आधी एकाच बाजूला, आणि हात लागला की दुखतं. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते, त्यामुळे पाळी नाही ना आली मग कशाला दाखवायचं असं म्हणून थांबायचं नसतं. मुलींना ८ वर्षांच्या आत आणि मुलांना ९ वर्षांच्या आत अशा खुणा दिसल्या तर डॉक्टरांना दाखवायचंच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लगेच मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं.

तिथे आधी उंची मोजली आणि ती ज्या पद्धतीने मोजली ते बघून मला पटलं की आपण घरी दारावर रेघ मारतो ते किती अंदाजपंचे असतं. बूट मोजे काढले, पोनी सोडायला लावली, टाचा, पार्श्वभाग, डोक्याची मागची बाजू सगळं पट्टीला टेकलंय ना बघितलं, हनुवटी हातात धरून नजर सरळ केली आणि मग वरची फळी डोक्यावर टेकवून मिलीमीटरपर्यंत आकडा वाचला, तो पण दोनदा. आमची पण उंची मोजली. आई-बाबांच्या उंचीची बेरीज, मुलगी असेल तर त्यातून १३ वजा, मुलगा असेल तर १३ मिळवायचे, आणि भागिले दोन. माझी १५५, ह्यांची १६८, म्हणजे लेकीची १५५ च्या आसपास, पाच-सात सेंटीमीटर इकडेतिकडे.

मग शाळेच्या हेल्थ कार्डवरचे जुने आकडे चार्टवर मांडले. हा चार्ट इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा, ५ ते १८ वयासाठी २०१५ साली सुधारून काढलेला, त्या कामात आपल्या पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. आपल्या मुलांना आपल्याच मुलांच्या मापाने मोजतात याचं मला फार बरं वाटलं. तर त्या चार्टवर लेक आधी मधल्या रेघेवर होती आणि एका वर्षात दोन रेघा ओलांडून वर गेली होती. वयात येण्याआधी मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंटीमीटर वाढतात, ही ९ वाढली होती. डॉक्टर म्हणाल्या, "उंची किती आहे त्याने मला फारसं कळत नाही, वेग सांगा."

पुढे डाव्या हाताचा एक्स-रे. एक मोठं पुस्तक असतं, त्यात वेगवेगळ्या वयाच्या मुलांच्या हातांचे एक्स-रे छापलेले, ते एकेक पान शेजारी धरून जुळवतात आणि हाडांचं वय काढतात. हिचं आलं दहा! मला खरं तर तिथे समजलं की प्रश्न काय आहे. मुलींमध्ये इस्ट्रोजेन हे बाईपणाचं हार्मोन आधी उंची वाढवतं आणि तेच हाडांच्या टोकाच्या वाढीच्या जागा बंद पण करतं, म्हणजे आज वर्गात सगळ्यात उंच असलेली पोर अकरा-बाराव्या वर्षी थांबू शकते आणि मग मैत्रिणी पुढे निघून जातात. आणि उंचीचं सोडा, तिसरीतल्या मुलीला पाळी सांभाळायला लावणं ही काय गोष्ट आहे.

रक्तात एलएच, एफएसएच (वयात येणं सुरू करणारी मेंदूकडची हार्मोन्स) आणि थायरॉइड बघितलं, मग एक इंजेक्शन देऊन ठरावीक वेळाने परत परत रक्त घेतलं आणि पोटाची सोनोग्राफी. मुलगी अगदी लहान असेल तर किंवा मुलगा असेल तर मेंदूचा एमआरआय करतात, कारण मुलांमध्ये मागे खरोखरचं कारण सापडण्याची शक्यता जास्त असते, मुलींमध्ये बहुतेकदा काहीच सापडत नाही. प्रत्येकीला औषध लागतं असंही नाही, काहींचं हळूहळू चालतं, त्यांना नुसतं दर तीन-चार महिन्यांनी बघतात. हिचं भराभर चाललं होतं म्हणून तीन महिन्यांतून एकदा इंजेक्शन सुरू केलं, त्याने सगळं थोपवून धरतात आणि योग्य वय झालं की बंद करतात, मग शरीर आपलं आपण पुढे सुरू होतं. सासूबाईंना भीती होती की पुढे मूल होईल ना, मी त्यांना सोबत घेऊन गेले आणि डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं की त्यावर परिणाम होत नाही.

आता पुतण्याचं. चौदा वर्षांचा, वर्गात सगळ्यात लहान, आवाज फुटलेला नाही, जाऊबाई रडकुंडीला. त्याच्या तपासणीला भावजी आत गेले होते. एक मण्यांची माळ असते, १ पासून २५ मिलीपर्यंतचे अंडाकृती मणी, त्याच्याशी अंडकोषाचा आकार ताडून बघतात. ४ मिली म्हणजे सुरुवात झाली, त्याचं तेवढं झालेलं होतं. हाडांचं वय बारा, वर्षाला ५ सेंटीमीटर वाढ नियमित चालू, आणि भावजींनी स्वतः अकरावी-बारावीत उंची काढलेली. म्हणजे गाडी उशिराची, एवढंच. ग्रोथ हार्मोन नको, पावडर तर नकोच नको.

पण दर वेळी वाट बघून चालत नाही. शाळकरी मूल वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढत असेल, चार्टवर रेघा सोडून खाली येत असेल, उंची थांबून वजन मात्र वाढत असेल (तेव्हा आधी थायरॉइड बघतात), मुलीला १३ पर्यंत किंवा मुलाला १४ पर्यंत काहीच सुरू झालं नसेल तर जा. घरच्या मानाने खूपच बुटकी मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (यात मुलीत एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं) गुणसूत्रांची तपासणी सांगतात, त्याला नाही म्हणू नका, लग्न जुळणार नाही वगैरे विचार करून तर अजिबात नको. आणि ग्रोथ हार्मोनची नुसती एक रक्त तपासणी लॅबमध्ये जाऊन परस्पर करू नका, ते शरीरात थांबून थांबून सुटतं, एका नमुन्यातून काही कळत नाही.

जाण्याआधी मुलांना सांगा की डॉक्टर कुठे कुठे बघणार आहेत आणि का, आई किंवा बाबा खोलीत थांबणार आहेत. माझ्या लेकीने आधी सगळं विचारून घेतलं आणि मगच फ्रॉक वर करू दिला, डॉक्टर पण तिची परवानगी घेऊनच पुढे झाल्या. लसीकरणाची फाइल आणि शाळेची जुनी हेल्थ कार्डं सोबत न्या, आणि ती नसतील तर आजच एक उंची नीट मोजून तारखेसकट लिहून ठेवा, सहा महिन्यांनी दिवसाच्या त्याच वेळेला परत.