कुठल्या महिन्यातलं सांगू, मॅडम?

स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) प्रमाणपत्र द्यायचं तर आम्ही ‘आयसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतो. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली आली तर स्वमग्नता नाही. 106 पर्यंत सौम्य, 153 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मुद्दे नुसते वाचून दाखवले तर पालक ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणतात, आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून ‘धोक्याची भीती वाटते का?’ असं न विचारता ‘विहिरीपाशी गेला की काय करतो?’ असं विचारायचं. पाठीमागून हाक मारून बघायची. बिस्किटाचा पुडा घट्ट बांधून हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. तो आईकडे बघतो, की न बघताच तिचा हात ओढून पुड्यावर ठेवतो, की पुडाच टाकून देतो? हे नीट करायला तासभर लागतो. शिबिरात गर्दी झाली की दारातूनच ‘नजर देत नाही, तीन टाका’ म्हणणारे सहकारी मी पाहिलेत. त्यांच्या घाईपायी माणसं मजुरी बुडवून पुन्हा पुन्हा हेलपाटे घालतात, याची मला मनस्वी चीड आहे.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. बीड जिल्ह्यातलं, धारूरकडचं जोडपं आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आलं होतं. दोघं ऊसतोडीला फडावर, म्हणजे उसाच्या रानात, जाणारे. ‘दिनक्रम बदलला तर काय करतो?’ एवढंच मी विचारलं.

‘‘कुठल्या महिन्यातलं सांगू, मॅडम? गावाकडलं का फडावरलं?’’ आई म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं.

गावाकडे पोरगा एकाच बाजेवर, भिंतीकडे तोंड करून झोपतो. भाकरीचे चार तुकडे करून ताटलीत दिले की मुकाट जेवतो. पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओरडत नाही. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि सगळं बदलतं. आज या कारखान्याचा फड, पुढे दुसऱ्याचा, दर वेळी कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, नव्या जागेवर. अपरात्री ट्रॅक्टर भरायला उठायचं, हेडलाइटचा उजेड थेट अंगावर. मग तो मनगट चावतो, वाट फुटेल तिकडे पळतो. ‘‘पाय बांधून जायचे मी फडात. दुसरं काय करावं?’’ तिनं लपवलं नाही, रडलीही नाही. त्याच्या डाव्या घोट्याभोवती कातडी जाड, काळपट झाली होती.

मोठी बहीण गावच्या हंगामी वसतिगृहात राहून शिकते. ह्याला मात्र तिथे ठेवून घेतलं नाही. ‘याला कोण सांभाळणार?’ असं म्हणाले. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी काढलेल्या सोयीत सगळ्यात जास्त गरज असलेल्या मुलालाच जागा नसावी, हे मला पटत नाही.

तोवर गप्प बसलेला बाप मग बोलला. त्याला मुकादम, म्हणजे तोडणी मजुरांच्या टोळीचा ठेकेदार, व्हायचं होतं. टोळी जुळली होती, कारखान्याशी बोलणंही झालं होतं. पोरगा झाला तेव्हा ‘ह्याच्या हातात कोयता देणार न्हाई, पोलीस भरतीला उतरवणार’ असं त्यानं भावकीत सांगितलं होतं. ‘‘यंदा उचल घेतली न्हाई. टोळी भावाला दिली. गावातच सालगडी ऱ्हातो. भावकी येड्यात काढायली. काढू द्या. आता एकच हाय, ह्यानं बाराही महिने त्याच बाजेवर झोपावं.’’ हे सांगताना त्याच्या आवाजात हार नव्हती. मुकादमकीची गणितं मांडली असतील, त्याच हिशेबीपणानं तो बोलत होता: सालगडी म्हणून मिळणारी वर्षाची चंदी, म्हणजे धान्य, किती, शेळ्या किती, तिची रोजंदारी किती.

एका जागी राहून किती फरक पडेल, हे आईनं विचारलं. स्वमग्नता जाणार नाही, पण ठरलेला दिनक्रम अशा मुलांना मानवतो, एवढं मी सांगितलं. ‘‘जाणार न्हाई ते ठावं हाय,’’ ती म्हणाली.

अडचण माझ्या कागदावर होती. फडावरचं वागणं धरलं तर बेरीज तीव्रकडे झुकत होती, गावाकडचं धरलं तर जेमतेम सौम्य. याच बेरजेवरून अपंगत्वाचे टक्के ठरतात, आणि 40 टक्क्यांच्या प्रमाणपत्राशिवाय एसटीची सवलत नाही, संजय गांधी निराधार योजनेत अपंग म्हणून नाव लागत नाही. दवाखान्याच्या गोंगाटात तो टेबलाखाली शिरून मनगट चावत होता. डोळ्यांसमोरचं आणि आईनं सांगितलेलं, दोन्ही धरून मी गुण दिले. मध्यम आली. शेऱ्यात दोन्ही हंगामांतलं वागणं सविस्तर लिहिलं, रकान्याबाहेर जाऊन.

निघताना बापानं विचारलं, ‘‘गावात राहून पोरगं निवळलं, तर फुडच्या टायमाला टक्के कमी व्हतील का?’’

होतील. तसं मी त्याला सांगितलंही. मुलाला बरे दिवस यावेत म्हणून ज्यानं मुकादमकी सोडली, त्याला त्याच बऱ्या दिवसांपायी मदत गमवावी लागू शकते. मोजपट्टी वागणं मोजते. ते वागणं तसं राहावं म्हणून घरानं काय मोजलंय, याला तिच्यात रकाना नाही. पुढच्या तपासणीला तो माझ्यासमोर शांत बसला तर मी काय लिहू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.