बिंगोच्या हॉलमधील कुस्ती : फिलाडेल्फियातील ईसीडब्ल्यूची कहाणी

रोमन रेन्सच्या शेजारी अनेक वर्षे कोट घालून उभा राहिलेला आणि त्याच्या वतीने अखंड बोललेला पॉल हेमन भारतातील डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रेक्षकांना चांगलाच परिचित आहे. हाच मनुष्य एके काळी एका छोट्या आणि पैशांच्या ओढाताणीत चालणाऱ्या कुस्ती कंपनीचा सर्वेसर्वा होता, आणि ती कंपनी मी सध्या राहतो त्या फिलाडेल्फियाची होती, ही गोष्ट मात्र मला इथे आल्यावरच नीट समजली. एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजेच ईसीडब्ल्यू, हे तिचे नाव. 2001 साली ती बंद पडली, तरी या शहरातील मध्यमवयीन माणसांसमोर तिचा विषय काढला की गप्पा लवकर आटोपत नाहीत.

दक्षिण फिलाडेल्फियात स्वॉन्सन आणि रिटनर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, आय-95 महामार्गाला लागून, पूर्वी मालगोदाम असलेली एक बैठी इमारत आहे. या शहरात नववर्षाच्या दिवशी चित्रविचित्र पोशाख करून, वाद्ये वाजवत मिरवणूक काढणारी 'ममर्स' मंडळी असतात. त्यांच्यापैकी एका क्लबावरून या जागेला 'व्हायकिंग हॉल' हे नाव पडले. तिथे बिंगोचे खेळ चालत आणि अधूनमधून कुस्तीचे कार्यक्रम होत. फार तर हजार-बाराशे माणसे दाटीवाटीने बसतील एवढीच जागा. खुर्च्या घडीच्या, आणि पहिल्या रांगेतील प्रेक्षक हात लांब करून पैलवानाच्या पाठीवर थाप मारू शकेल एवढी रिंग जवळ. ईसीडब्ल्यू जे काही झाली त्याचे अर्धे श्रेय मी या इमारतीला देतो.

कंपनीची सुरुवात मात्र या हॉलमध्ये झाली नाही. फिलाडेल्फियात गहाणवटीचा व्यवसाय असलेल्या टॉड गॉर्डन यांनी 1992 मध्ये 'ईस्टर्न चॅम्पियनशिप रेसलिंग' या नावाने ती सुरू केली आणि पहिले कार्यक्रम एका स्पोर्ट्स बारमध्ये केले. कुस्त्या कोणामध्ये लावायच्या, कोण जिंकायचे आणि भांडणाचे कथानक कसे वाढवायचे हे ठरवणाऱ्याला या धंद्यात 'बुकर' म्हणतात. आरंभी हे काम एडी गिल्बर्ट याच्याकडे होते. 1993 च्या सप्टेंबरात ते हेमनकडे आले आणि पुढे कंपनीही त्याच्याच हाती गेली.

मग आली 27 ऑगस्ट 1994 ची रात्र. नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजेच एनडब्ल्यूए, ही 1948 साली स्थापन झालेली प्रादेशिक प्रवर्तकांची संघटना होती, आणि तिचा जागतिक किताब अनेक दशके या व्यवसायातील सर्वात मानाचा समजला जाई. 1993 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू ही बडी कंपनी संघटनेतून बाहेर पडल्यावर किताब रिकामा राहिला होता, आणि तो भरण्यासाठीची स्पर्धा ईसीडब्ल्यूच्या याच हॉलमध्ये घेण्यात आली. अंतिम फेरीत टू कोल्ड स्कॉर्पिओला हरवून शेन डग्लसने बेल्ट हाती घेतला, पूर्वीच्या थोर विजेत्यांची नावे एकामागून एक उच्चारली, आणि सगळे भारावून ऐकत असतानाच तो बेल्ट जमिनीवर फेकून दिला. मेलेल्या संघटनेचा किताब आपल्याला नको, असे त्याने तिथल्या तिथे जाहीर केले. हा बनाव हेमन, गॉर्डन आणि डग्लस यांनी आधीच रचलेला होता; संघटनेच्या अधिकाऱ्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. लवकरच नावातील 'ईस्टर्न' गेले आणि 'एक्स्ट्रीम' आले. यजमानानेच पाहुण्याला दारात फजीत करावे असा हा प्रकार होता, आणि मला तो आजही फारसा सभ्य वाटत नाही; पण एका रात्रीत एखाद्या छोट्या कंपनीने आपली ओळख निर्माण केल्याचे याहून ठळक उदाहरण या व्यवसायात शोधावे लागेल.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती नुरा असल्याचा नुसता संशय आला तरी प्रेक्षक खवळतो. इथे निकाल आधीच ठरलेला असतो हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होते, आणि तरीही तो तितकाच खवळत असे, कारण त्याचा राग निकालावर नसून कामचुकारपणावर असे. एखाद्याने डाव अर्धवट केला, पडताना हातचे राखले, की संपूर्ण हॉल एका सुरात त्याची चूक त्याला सुनावी. उलट कोणी जीव ओतून काम केले तर 'ईसीडब्ल्यू, ईसीडब्ल्यू' असा घोष सुरू होई. प्रेक्षक घरून तवे, पाट्या, काठ्या आणून पैलवानांच्या हाती देत, आणि पैलवानही त्याच वस्तूंनी एकमेकांना बडवीत. सँडमॅन नावाचा मल्ल तर सिगारेट ओढत, बिअरचे डबे कपाळावर फोडत, गर्दीतूनच रिंगकडे येई. 1994 मध्ये एका अमेरिकन तरुणाला सिंगापुरात झालेली फटक्यांची शिक्षा गाजत होती, तर त्याच वर्षी सँडमॅनच्या हातात 'सिंगापूर केन', म्हणजे वेताची छडी, आली.

तथापि सगळाच खेळ टेबले मोडण्याचा नव्हता. एडी गरेरो आणि डीन मलेंको यांनी तंत्रशुद्ध कुस्ती तिथेच गाजवली. डब्ल्यूसीडब्ल्यूने दोघांना करारबद्ध केल्यावर 26 ऑगस्ट 1995 रोजी त्यांचा निरोपाचा सामना झाला, आणि तो संपल्यावर रक्तपाताला चटावलेली म्हणून बदनाम असलेली हीच गर्दी 'जाऊ नका' अशी विनवणी करत होती. मेक्सिकन शैलीचे रे मिस्टीरिओ आणि सिकोसिस यांची अमेरिकेतील बहुतेक प्रेक्षकांना ओळख इथूनच झाली, आणि पुढे डब्ल्यूसीडब्ल्यूने त्यांनाही नेले. हेमनने माणूस घडवायचा आणि मोठ्या कंपनीने जास्त पैसे देऊन तो उचलायचा, हा क्रम शेवटपर्यंत चालू राहिला.

स्वतःचा पे-पर-व्ह्यू, म्हणजे केबलवर वेगळे पैसे भरून पाहायचा, कार्यक्रम करणे हे कंपनीचे स्वप्न होते, आणि तेच जवळजवळ हुकले. नोव्हेंबर 1996 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील रिव्हिअर येथे वय खोटे सांगून रिंगमध्ये उतरलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाच्या कपाळावर इतका खोल वार झाला की तो रक्तबंबाळ झाला. त्यानंतर केबलवाल्यांनी माघार घेतली. चाहत्यांच्या दबावामुळे आणि बऱ्याच मनधरणीनंतर ते पुन्हा राजी झाले. चाहते या प्रसंगाची गणना कंपनीच्या 'बेधडकपणा'त करतात, हे मला पटत नाही. परवाना, वय, वैद्यकीय तपासणी यांतले काहीही न पाहता एका अननुभवी मुलाला तिथे उतरू देणे हा निव्वळ निष्काळजीपणा होता. अखेर 13 एप्रिल 1997 रोजी 'बेअरली लीगल' हा कार्यक्रम त्याच बिंगो हॉलमधून प्रक्षेपित झाला, आणि बावन्न वर्षांच्या टेरी फंकने रेव्हनला हरवून किताब जिंकला.

त्यानंतर खर्च वाढला, आणि पैशाच्या नाड्या दुसऱ्यांच्या हातात गेल्या. 1999 च्या ऑगस्टमध्ये टीएनएन वाहिनीवर राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले, पण वाहिनीने जाहिरातीसाठी हात सैल सोडला नाही आणि वर्षभरातच डब्ल्यूडब्ल्यूएफशी (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे नाव) करार करून ईसीडब्ल्यूला निरोप दिला. दरम्यान पैलवानांचे धनादेश वटेनासे झाले होते. एप्रिल 2000 मध्ये ईसीडब्ल्यूचा विद्यमान विजेता माइक ऑसम हा डब्ल्यूसीडब्ल्यूकडे गेला, तेव्हा बेल्ट परत मिळवण्यासाठी हेमनला डब्ल्यूडब्ल्यूएफकडून त्यांचा करारबद्ध ताझ मागून आणावा लागला. इंडियानापोलिसमध्ये ताझने ऑसमला हरवले. एका स्पर्धक कंपनीच्या मल्लाने दुसऱ्या स्पर्धक कंपनीच्या मल्लाकडून तिसऱ्याच कंपनीचा किताब घ्यावा, यावरून घरची अवस्था काय झाली असेल ते कळते.

13 जानेवारी 2001 रोजी आर्कान्सामधील पाइन ब्लफ येथे शेवटचा कार्यक्रम झाला. मार्चमध्ये हेमन डब्ल्यूडब्ल्यूएफच्या टीव्ही कार्यक्रमात समालोचक म्हणून दिसू लागला, तेव्हा पगाराची वाट पाहणाऱ्या अनेकांना खरी परिस्थिती उमगली, आणि 4 एप्रिलला दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. कंपनीची मालमत्ता 2003 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने विकत घेतली आणि पुढे 2006 ते 2010 या काळात तेच नाव आपल्या एका कार्यक्रमाला लावले. इथले जुने चाहते त्या कार्यक्रमाला ईसीडब्ल्यू मानायला तयार नसतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण अवाढव्य स्टेडियममध्ये हा प्रकार चालण्याजोगा नव्हताच.

फिलाडेल्फिया परिसरातील ज्या व्हिडिओ कंपनीचा ईसीडब्ल्यूच्या कॅसेटींवर मोठा धंदा चालत असे, तिला ईसीडब्ल्यू बंद पडल्यावर तसा खपणारा नवा माल उरला नव्हता. त्या व्हिडिओ कंपनीच्या मालकाने मग 2002 च्या फेब्रुवारीत याच शहरातील एका मनोरंजन केंद्रात 'रिंग ऑफ ऑनर' ही नवी कंपनी सुरू केली, आणि यावेळी भर शस्त्रांवर न देता शुद्ध कुस्तीवर दिला. जुना व्हायकिंग हॉल आता '2300 अरीना' या नावाने चालतो. तिथे बॉक्सिंगही होते, कुस्तीही होते.