एंड रोलर आणि २.८१ पिक्सेल

डीसीपीची (थिएटरसाठीच्या डिजिटल प्रतीची) चाचणी थिएटरमध्ये सुरू होती. सिनेमा संपला, शेवटचं गाणं लागलं, रोलर, म्हणजे शेवटची नावांची पट्टी, वर सरकू लागला आणि दिग्दर्शक म्हणाले, "नावं थरथरतायत." खरंच थरथरत होती. कारण शिरोरेषा. आडवी, लांब, पातळ रेघ जराशी जरी हलली तरी डोळ्याला आधी तीच खुपते. रोमन लिपीत हा त्रास बराच कमी.

हीच तक्रार कुणी लॅपटॉपवर बघून केली असती, तर मी मनावर घेतली नसती. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा लावला की एक फ्रेम दोनदा दिसते, पुढची तीनदा. तिथे कुठलाही रोलर अडखळणारच. थिएटरचा प्रोजेक्टर तसं करत नाही. म्हणजे दोष फाइलमध्येच. एडिटवर परत येऊन एकेक फ्रेम पुढे नेली. एका फ्रेममध्ये शिरोरेषा कोरल्यासारखी पांढरी, पुढच्या काहींत कडांना करडी, पाचएक फ्रेमनंतर पुन्हा स्वच्छ.

रोलर प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या 'रोल' या पर्यायावर केलेला होता. झटपट कामाला उत्तम, पण तिथे वेग टाकायला जागाच नाही. क्लिपची लांबी ठरवली की वेग आपोआप ठरतो. रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या 'स्क्रोल' टायटलचंही तेच. गाणं १६० सेकंदांचं, म्हणजे ३,८४० फ्रेम. म्हणून क्लिपचं टोक गाण्याच्या शेवटापर्यंत ओढलेलं. नावांची पट्टी ९,७१६ पिक्सेल उंच, पडदा १,०८०. खालून पूर्ण बाहेरून येऊन वर पूर्ण बाहेर जायचं, तर प्रवास १०,७९६ पिक्सेलचा. भागिले ३,८४०, फ्रेममागे २.८१. अर्धामुर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर रेघेचा उजेड शेजारच्या ओळीत वाटून देतं. परिणाम: रेघ सेकंदाला साडेचार वेळा तीक्ष्ण आणि मऊ होत राहते.

उलट हिशोब करायचा असतो. आधी वेग, तोही पूर्ण आकड्यात. १,०८० उंचीला मी फ्रेममागे ३ पिक्सेल धरतो; प्रत्येक नाव १५ सेकंद पडद्यावर राहतं. २ पिक्सेलला साडेबावीस सेकंद, निर्मात्याला कंटाळा येतो. ५-६ च्या पुढे गेलं की काळ्यावरची पांढरी अक्षरं दुहेरी दिसू लागतात. तर ३ गुणिले ३,८४० म्हणजे ११,५२०, वजा पडदा १,०८०, उरले १०,४४०. पट्टी एवढीच उंच हवी. ७२४ पिक्सेल कमी पडत होते, आणि नेमकी त्याच संध्याकाळी निर्मात्यांकडून विशेष आभाराची ११ नावं आली (ती नेहमी शेवटच्या संध्याकाळीच येतात). ५२ पिक्सेलच्या ओळीने ५७२ भरले. उरलेले १५२ विभागांमधल्या १९ मोकळ्या जागांत, प्रत्येकी ८.

आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पोझिशन (कामाची चौकट) ३०,००० पिक्सेलपर्यंत उंच करता येते, त्यामुळे अख्खी पट्टी एकसंध बसते. पट्टीची उंची सम ठेवावी. विषम असली तर तिचा मध्य अर्ध्या पिक्सेलवर पडतो आणि वेग बरोबर असूनही सगळ्याच फ्रेम मऊ निघतात. दोन की-फ्रेम (हालचालीच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण) लावायच्या तर पहिली शून्यावर आणि दुसरी ३,८४० वर. बरेच जण शेवटच्या दिसणाऱ्या फ्रेमवर, म्हणजे ३,८३९ वर लावतात. मग वेग ३.०००८ होतो आणि रोलरभरात अक्षरं तीन वेळा हळूहळू धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होतात. त्यापेक्षा एक्स्प्रेशन, म्हणजे जागा ठरवणारं सूत्र, बरं: मूळ जागेतून फ्रेम क्रमांक गुणिले ३ वजा. मोशन ब्लर (हालचालीला मुद्दाम दिलेला धूसरपणा) बंद. शेवटची कॉपीराइटची पाटी रोलरमध्ये घालून सावकाश थांबवायची हौस करू नये, थांबताना वेग अपूर्णांकातूनच जातो. ती पाटी वेगळी लावली.

पांढरा रंग ९० टक्क्यांवर आणला, फॉन्ट लाइट वजनावरून मीडियमवर नेला, म्हणजे शिरोरेषा ३ पिक्सेलची झाली.

मजकुरात वेगळीच भानगड. यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि रूपांतरात कऱ्हाडेचं 'कर्हाडे' झालं होतं, गोऱ्हेचं 'गोर्हे'. 'र्ह' आणि 'र्य' शोधून एकेक नाव डोळ्यांनी बघावं लागतं. सरसकट बदललं तर सूर्यवंशींचं वाटोळं होतं. जोडाक्षरं सुटली, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' आहे का ते बघा.

रेंडर तपासायची युक्ती सोपी आहे. लागोपाठच्या दोन फ्रेम एकावर एक ठेवा, दुसरी ३ पिक्सेल खाली सरकवा, वरच्या थराला 'डिफरन्स' (फक्त फरक दाखवणारा) मोड द्या. वरच्या कडेची ३ पिक्सेलची पट्टी सोडून सगळं काळं दिसलं पाहिजे. आमचं दिसलं. मग डीसीपी बनवणाऱ्या लॅबला लेखी कळवलं, की १,९२० पिक्सेल रुंद एचडी फाइल थिएटरच्या १,९९८ रुंदीच्या 'फ्लॅट' चौकटीत ताणू नका, दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेल काळे सोडा. ताणली की ३ चे ३.१२ होतात आणि पुन्हा तेच.

चॅनलची प्रत २५ फ्रेमची लागते. अख्खा सिनेमा २४ वरून २५ ला पळवला, तर फ्रेम तेवढ्याच राहतात, गाणं १५३.६ सेकंदांचं होतं आणि रोलरला हात लावावा लागत नाही. लांबी तेवढीच ठेवून फ्रेम मिसळून २५ केले, तर मात्र ४,००० फ्रेमच्या हिशोबाने १०,९२० ची नवी पट्टी बांधावी लागते.