अठराशे रुपयांची दुपार

आज दुपारी भाची वही घेऊन आली. अकरावी कॉमर्स, चेहरा रडवेला. "मामा, तेरीज जुळतच नाही. १,८०० चा फरक येतोय." (तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स: सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज सारखी येते का, ते पाहायचा तक्ता.)

आधी फरक निम्मा केला, ९००. नावेची (डेबिट) रक्कम चुकून जमेला (क्रेडिट) गेली तर फरक दुप्पट पडतो ना. पण ९०० ची नोंदच नव्हती. मग ९ ने भागलं. पूर्ण भाग गेला आणि मला हसू आलं. आकड्यांची अदलाबदल! (दोन अंक उलटे लिहिले की फरकाला ९ ने पूर्ण भाग जातोच.) रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, भाडं ४,६८०, खातेवहीत ६,४८०.

खरी गाठ मात्र पुढे होती. "पैसे भरले की बँकेचा मेसेज येतो, 'क्रेडिट झाले'. सर म्हणतात बँक खातं नावे करा. खरं कोण?"

दोघंही! मेसेज बँकेच्या वहीतून येतो. तिच्या लेखी आपण धनको, कारण ती आपलं देणं लागते. आपल्या वहीत बँक ऋणको, म्हणून नावे. व्यवहार एकच, वह्या दोन. (मला हे कळायला नोकरी लागावी लागली. तोवर 'जे येते ते नावे, जे जाते ते जमा' नुसतं पाठ.)

जाता जाता सांगून बसलो की दुकानासाठी घेतलेलं टेबल फर्निचरऐवजी खरेदी खात्यात (ते फक्त विकायच्या मालाचं) टाकलं, तरी रक्कम नावेलाच राहते, म्हणून तेरीज जुळतेच.

"म्हणजे जुळली तरी चुकीची असू शकते?"

"हो."

वही मिटून ती सरळ आईकडे तक्रार घेऊन गेली. चहा अजून आलेला नाही.