तुम्ही विचारलंत म्हणून: विहीर आणि विमान

"गच्चीच्या कठड्याजवळ जात नाहीस, मग विमानातून उडी कशी मारलीस?" मामा विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात. आई तर अजून विचारते, "विहिरीत डोकवंना तू, अन् इमानातून उडी?" आजवर हसून विषय बदलला. आता एकदाच सांगते.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी पंधरा वर्षांची होते. आष्टी तालुक्यातलं आमचं गाव. टँकर गावविहिरीत रिकामा व्हायचा आणि आम्ही शेंदायचो. त्या वेळी दोन दिवस टँकरच आला नव्हता. तळाशी वीतभर गढूळ पाणी. अंगानं हलकी म्हणून मला उतरवलं. वाटीवाटीनं कळशा भरल्या, वरच्यांनी दोरानं ओढून घेतल्या. वर येताना बांधकामातून बाहेर आलेल्या दगडांवर पाय देत चढत होते. एक दगड निसटला. दोन्ही हातांनी वरचा दगड धरला आणि लोंबकळले.

तोंडासमोर कपारीत पारव्याचं घरटं होतं, चार काड्या आणि दोन अंडी. एका अंड्याला पीस चिकटलेलं. वरून काका ओरडत होते, "सोडू नको, दोर टाकतो." हात ओले होते. बोटं एकेक करून सरकत होती आणि मी त्या पिसाकडे बघत होते. इतकी भीती मला त्याआधी किंवा नंतर कधीच वाटली नाही. मग हात सुटला. खरं सांगते, सुटला त्या क्षणी मला बरं वाटलं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. पंधराएक फुटांवरून चिखलात पडले, घोटा मोडला, दोन महिने प्लास्टर. पण ते "बरं वाटणं" घोट्यापेक्षा जास्त दिवस छळत राहिलं. मला मरायचं होतं का? नव्हतं. मग काय होतं ते?

२०१८ मध्ये शीतल महाजन यांनी नऊवारीत विमानातून पॅराशूटनं उडी मारल्याची बातमी वाचली. उत्तर ध्रुवावर २००४ सालीच उडी मारलेली बाई. त्या दिवशी ठरवलं, आपणही उडी मारून ते "बरं वाटणं" एकदा पाहायचं. पाच वर्षं पैसे साठवून हरियाणात नारनौलला गेले.

दहा हजार फुटांवर दार उघडलं. प्रशिक्षक पाठीला चार हुकांनी जोडलेले. हात छातीशी घ्यायचे, काहीही धरायचं नाही. पॅराशूट दोन, आणि राखीव पॅराशूट ठरावीक उंचीला आपोआप उघडण्याची सोय. माझ्या बोटांवर काहीच अवलंबून नव्हतं. पोटात गोळा येईल असं वाटलं होतं, तसं झालंच नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग, तरी पडतोय असं वाटत नाही. नुसता वारा, आणि खाली नकाशासारखी जमीन. जेमतेम अर्धा मिनिट.

कठड्याशी तसं नसतं. तिथं पाय जमिनीवरच असतात, पण तोल सांभाळायला डोळ्यांना जवळची वस्तू लागते. ती नसली की शरीर हललेलं डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतं, आणि घेरी येते. वेरूळच्या कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावरून मी मुलांची सहल सोडून मागे फिरले, ते यामुळेच. निदान मी स्वतःला असं समजावते.

"म्हणजे उडी त्या माणसानं मारली," मामा म्हणतात. हो, त्यांनीच मारली. उतरल्यावर मी "भीती जिंकली" असं स्टेटस टाकलं होतं. ते खोटं होतं. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, जिंकलीस म्हणजे काय केलंस? हात मोकळे ठेवले, एवढंच ना? पण मग त्या अर्ध्या मिनिटात मी रडत का होते? कारण ते "बरं वाटणं" तसंच्या तसं परत आलं होतं. ते काय होतं, हे तरीही कळलं नाही.

मागच्या महिन्यात गावी गेले. विहिरीला आता कमरेइतका कठडा आहे. चुलतभावाची मुलगी त्यावर रेलून आतलं कासव दाखवत होती, "आत्या, या की." मी सीताफळाच्या झाडापर्यंत गेले.